चक्कर येतेय? आधी घड्याळ बघा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आम्ही औसा तालुक्यात होतो. किल्लारीचा भूकंप ज्यांनी अंगावर झेलला, त्यांचे पाय आजही खाट जराशी हलली तरी अंगणाकडं धावतात. चार वर्षांपूर्वी एका पहाटे मी उजव्या कुशीवर वळले आणि छत, पंखा, कपाट सगळं गरकन फिरलं. मी "भूकंप, उठा!" म्हणून ओरडले. शेजारी आमचे हे दचकून उठून बसले आणि माझ्याकडंच बघत राहिले. पंखा जागच्या जागी होता.

त्यानंतरचे आठ महिने मी गोळ्या खाल्ल्या, मानेला पट्टा लावला, उशी सोडली, शाळेत रजा टाकल्या. मानेचा एक्स-रे काढून "मणक्यात गॅप आहे" असं सांगणारे भेटले, "पित्त आहे" म्हणणारे भेटले, "बाई, टेन्शन घेऊ नका" म्हणणारेही भेटले. शेवटी एका कानाच्या डॉक्टरांनी मला दहा मिनिटांत टेबलावर आडवं केलं, माझे डोळे बघितले आणि काय झालंय ते सांगितलं. मी डॉक्टर नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेली बाई आहे. पण ज्याला आज पहिल्यांदा चक्कर आली, त्याचे आठ महिने वाया जाऊ नयेत म्हणून हे क्रमाने लिहिते.

सगळ्यात आधी: डॉक्टरांकडं जायला थांबून चालेल का?

चक्कर येण्यासोबत बोलताना जीभ जड होत असेल, एकाचे दोन दिसत असतील, तोंड वाकडं झालं असेल, एका बाजूचा हात-पाय ढिला पडला असेल, घास गिळता येत नसेल, कधी नव्हे इतकं डोकं अचानक दुखत असेल, छातीत दुखत असेल, किंवा दोघांनी धरलं तरी माणूस उभाच राहू शकत नसेल, तर पुढचं वाचू नका. १०८ ला फोन लावा. मेंदूच्या मागच्या भागात रक्त अडलं तर सुरुवात अशीच गरगरण्यानं होते. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून त्रास किती वाजता सुरू झाला ते नीट लक्षात ठेवा. जिथं सीटी स्कॅन होतो अशाच ठिकाणी न्यायला सांगा. या प्रकारचा झटका सुरुवातीच्या सीटीत कधीकधी दिसतही नाही. स्कॅन स्वच्छ आला पण माणूस उभा राहत नाही, असं असेल तर "एमआरआय लागेल का?" हे डॉक्टरांना जरूर विचारा.

आपल्याकडं अशा वेळी कांदा हुंगवतात, मीठ-मोहरी ओवाळतात. दृष्ट नंतरही काढता येते, गाडी आधी बोलवा.

दुसरी एक घाईची गोष्ट लोकांना माहीत नसते. एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं, तर "मळ असेल" म्हणून तेल घालत बसू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कानाचा डॉक्टर गाठा. त्यावरच्या स्टेरॉइडच्या उपचाराचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच जास्त होतो.

मग चक्कर शब्दात पकडा

चक्कर या एका शब्दाखाली आपण निदान चार वेगळ्या गोष्टी घालतो. एक, आपण किंवा घर गरगर फिरतंय असं वाटणं. आमच्या शेजारच्या मामी म्हणतात, "समदं घर फिरूलालंय." दोन, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी येणं, आता पडतो की काय असं होणं. तीन, डोकं ठीक पण चालताना झोक जाणं. चार, डोकं पोकळ झाल्यासारखं, भवंडल्यासारखं, नावेत बसल्यासारखं वाटत राहणं.

पहिल्या प्रकारात बहुतेक वेळा कानाचा संबंध असतो. दुसऱ्यात रक्तदाब, रक्त कमी असणं, उपाशीपोट किंवा उन्हानं पाणी कमी पडणं बघावं लागतं. तिसऱ्यात पायांच्या नसा बघतात, विशेषतः साखरेचा आजार जुना असेल तर. चौथ्याबद्दल पुढं सांगते, कारण तोच सगळ्यात जास्त काळ छळतो. डॉक्टरांपुढं बसल्यावर "चक्कर येते" एवढंच म्हणून थांबू नका. तुमच्या बोलीत जसं येतं तसं, पण नेमकं सांगा.

घड्याळ आणि वही

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्या कानाच्या डॉक्टरांनी मला विचारलं, "बाई, किती वेळ फिरतं?" मी म्हणाले, "दिवसभर." ते म्हणाले, "दिवसभर घर फिरतंय? आत्ता फिरतंय?" नाही, आत्ता फिरत नव्हतं. आत्ता नुसतं मळमळत होतं, डोकं जड होतं, परत येईल म्हणून भीती वाटत होती. "मग घर फिरलं किती वेळ? घड्याळ बघून सांगा." मी घरी जाऊन भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघितला. वीस सेकंद. वीस सेकंदांच्या चक्करेला मी आठ महिने दिवसभराची चक्कर म्हणत होते, आणि माझं तेच वाक्य ऐकून प्रत्येक जण मला चुकीच्या वाटेला लावत होता.

म्हणून एक शंभर पानी वही करा. दर वेळी पाच गोष्टी लिहा: तारीख आणि वेळ; फिरणं किती सेकंद, मिनिटं की तास टिकलं; त्या क्षणी काय करत होतात (कुशीवर वळलात, वर बघितलंत, वाकलात, उठलात, की काहीच नाही); कानात काही झालं का, म्हणजे दडा बसला, शिट्टी किंवा गूं आवाज आला, ऐकू कमी आलं; आणि डोकेदुखी, उलटी, उजेडाचा त्रास होता का. घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं शेवटच्या पानावर लिहा. लिहिता येत नसेल तर नातवाकडून, सुनेकडून लिहून घ्या.

त्या वहीतली वेळच अर्धं निदान करते. डोकं एका ठरावीक बाजूला हललं की काही सेकंद, एक मिनिटाच्या आत थांबणारं गरगरणं हे बहुधा कानातल्या कणांचं असतं (हे कण काय ते पुढं सांगते). वीस मिनिटांपासून काही तास टिकणारं, सोबत कानात दडा, आवाज आणि ऐकू येणं कमी-जास्त होणं, हा मेनियरचा आजार असू शकतो. डोकेदुखीची जुनी सवय, उजेड-आवाज सहन न होणं आणि त्यासोबत मिनिटं ते दोन-तीन दिवस येणारी चक्कर ही अर्धशिशीची असते, मग त्या वेळी डोकं दुखो न दुखो. आणि सर्दी-तापानंतर अचानक सुरू होऊन दोन-चार दिवस सलग फिरणं, उलट्या, पण ऐकू नीट येणं, ही तोलाच्या नसेला आलेली सूज असते.

घराजवळच करून घ्यायच्या तपासण्या

कानाच्या डॉक्टरांकडं जाण्याआधी आरोग्य उपकेंद्रात किंवा गावच्या डॉक्टरांकडं रक्तदाब तीनदा मोजून घ्या: पाच मिनिटं आडवं पडून, मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला, तर अंधारीचं कारण तिथंच सापडतं. बीपीच्या गोळ्या, प्रोस्टेटच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या यांनी हे होऊ शकतं. पण गोळी आपल्या मनानं बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना आकडे दाखवा. हिमोग्लोबिन आणि साखर बघा. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. त्याच मामींची भाची ऊसतोडीवरून आली की "घेरी येती" म्हणायची. तिचं सात निघालं. तिला कानाचा काहीच आजार नव्हता, जेवण आणि लोहाच्या गोळ्या हव्या होत्या.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४० च्या वर जातो. रानातून आल्यावर, एकादशीला, रोजात, तुळजापूरच्या पायी वाटेवर अंधारी आली तर आधी सावली, पाय उंच करून आडवं पडणं आणि मीठ-साखरेचं पाणी. पाणी कमी पडलेल्याला सलाईनचा उपयोग होतो. कानाच्या चक्करेत सलाईननं बरं वाटलं असं आपण म्हणतो, पण बऱ्याचदा तेवढा वेळ स्वस्थ पडून राहिल्यानंच ती बसलेली असते.

कानात काय बिघडतं

पडद्याच्या आत, हाडात, पाणी भरलेल्या तीन अर्धगोल नळ्या असतात आणि त्यांच्या मुळाशी दोन पिशव्या. पिशव्यांत चुनखडीचे बारीक कण चिकटलेले असतात. डोकं कुठं झुकलं हे त्यांच्यामुळं कळतं. वय झालं, डोक्याला मार लागला, बरेच दिवस अंथरुणावर काढले, किंवा काहीच कारण नसताना हे कण सुटतात आणि नळीत शिरतात. बाटलीतल्या पाण्यात वाळू असावी तसं. बाटली तिरकी केली की वाळू सरकते, थोड्या वेळानं बसते. ती सरकते तेवढा वेळ कान मेंदूला सांगतो, "फिरतोय", आणि डोळे सांगतात, "नाही". त्या भांडणाला आपण चक्कर म्हणतो. वाळू बसली की थांबते. म्हणून वीस सेकंद.

डॉक्टर याला बीपीपीव्ही म्हणतात. व्हिएन्नातले कानाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांना तोलाच्या अवयवावरच्या कामासाठी १९१४ चं नोबेल मिळालं आणि १९२१ मध्ये त्यांनी हीच चक्कर लिहून ठेवली. शंभर वर्षांपूर्वी कळलेल्या गोष्टीसाठी आजही माणसं मानेला पट्टा बांधून बसतात याचं मला फार वाईट वाटतं. पन्नाशीनंतर जवळजवळ प्रत्येकाच्या मानेच्या एक्स-रेत झीज दिसते. ती दिसली म्हणून चक्कर तिथूनच येते असं होत नाही.

कुणाकडं जायचं, काय मागायचं

कान-नाक-घसा तज्ज्ञाकडं. सरकारी सोय आपल्या भागात आहे: संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूरचं विलासराव देशमुख आणि नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण ही वैद्यकीय महाविद्यालयं. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. सोबत एक माणूस न्या, कारण तपासणीत चक्कर मुद्दाम आणतात आणि नंतर एकट्यानं एसटीत बसणं जड जातं. चक्करेची गोळी घेत असाल तर त्या दिवशी घ्यायची का, हे आधी विचारून घ्या. गोळीनं डोळ्यांची हालचाल दबली की डॉक्टरांना हवं ते दिसत नाही.

तपासणी साधी आहे. पाय लांब करून बसवतात, डोकं एका बाजूला अर्धं वळवतात आणि झटकन मागं आडवं करतात, डोकं टेबलाच्या कडेखाली थोडं लोंबतं. डोळे उघडे ठेवायला सांगतात. भीतीनं मिटावेसे वाटतात, पण मिटू नका. त्या बाजूच्या कानात कण असतील तर काही क्षणांत डोळ्यांची बुबुळं झटके देत फिरायला लागतात, आणि ते झटकेच निदान. त्यांनी तुमचे डोळेच बघितले नाहीत आणि चिठ्ठी लिहायला घेतली, तर नम्रपणे म्हणा, "साहेब, आडवं करून डोळे बघता का एकदा?" ऐकू कमी येत असेल तर कानाचा आलेख, म्हणजे ऑडिओमेट्री, मागा. कान वाहत असेल आणि चक्करही येत असेल, तर ते आवर्जून सांगा. आतलं हाड पोखरलं गेलं असण्याची शक्यता तपासावी लागते.

कण परत जागेवर नेण्याची कसरत

हिला एप्लीची कसरत म्हणतात. गोळी नाही, ऑपरेशन नाही. पहिल्यांदा डॉक्टरांकडूनच करून घ्या, कारण कोणता कान आणि कोणती नळी हे त्यांनी ठरवायचं. मानेचं ऑपरेशन झालंय, डोळ्याचा पडदा सरकलाय, मान वळतच नाही, अशांनी घरी अजिबात करू नये. डॉक्टरांनी घरी करायला सांगितली, तर उजव्या कानासाठी ती अशी:

१. पलंगावर पाय लांब करून बसा. आडवं झाल्यावर खांद्याखाली येईल अशी उशी मागं ठेवा. डोकं उजवीकडं अर्धं वळवा.
२. तसंच डोकं ठेवून पटकन मागं आडवे व्हा. डोकं उशीच्या मागं थोडं खाली राहील. गरगरेल. थांबेपर्यंत, निदान ३० सेकंद तसंच राहा.
३. डोकं न उचलता हळूच डावीकडं वळवा, आता ते डावीकडं अर्धं वळलेलं असेल. परत ३० सेकंद.
४. अंगासकट डाव्या कुशीवर व्हा, नाक जमिनीकडं. परत ३० सेकंद.
५. हनुवटी छातीला लावून, पाय खाली सोडत डाव्या बाजूनं हळूच उठून बसा. लगेच उभं राहू नका.

डाव्या कानासाठी सगळं उलट. शेजारी कुणीतरी असावं, हाताशी एक तसराळं असावं. मला उलटी झाली होती. दोन फेऱ्यांनी माझी पहाटेची गरगर थांबली. बहुतेकांचं एक-दोन वेळांत भागतं. नंतर रात्रभर बसून झोपायचं, आठवडाभर मान हलवायची नाही, अशी पथ्यं सांगतात. त्यानं वेगळा फायदा होत नाही असं आता दिसलंय. वारंवार होत असेल तर ड जीवनसत्त्व तपासून घ्या. ज्यांचं कमी असतं त्यांना ते भरून काढल्यानं परत होण्याचं प्रमाण घटतं.

एक कळकळीची विनंती. दाढी-कटिंगनंतर मान कडकन मोडून घेऊ नका. मानेतून मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिनीला त्यानं इजा होऊ शकते, आणि चक्कर "मोकळी करायला" म्हणून मान मोडून घेणारे मी पाहिलेत.

बाकीच्या प्रकारांबद्दल थोडं

मेनियरचं निदान झालं तर मीठ दिवसाला एक चहाचा चमचा, त्याहून कमीच. आपल्या ताटात ते लोणचं, पापड, खारवलेल्या मिरच्या आणि वरून घेतलेल्या मिठातून जातं. ठेचा सोडवत नाही हे मला माहीत आहे, पण त्यातलं मीठ कमी करता येतं. अर्धशिशीवर वेगळी औषधं असतात. झोपेची आणि जेवणाची वेळ सांभाळा.

नसेला सूज असेल तर पहिले दोन-तीन दिवस अंथरूण धरायला हरकत नाही, नंतर मात्र उठायलाच हवं. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन यांसारख्या चक्कर दाबणाऱ्या गोळ्या त्या पहिल्या दिवसांपुरत्याच. दुखावलेल्या कानाची भरपाई करायला मेंदू शिकत असतो, आणि या गोळ्या महिनोन्‌महिने चालल्या की त्याचं शिकणं मंदावतं. म्हाताऱ्या माणसांत त्यांनी हात थरथरायला आणि चाल संथ व्हायला लागते. मग त्यासाठी आणखी गोळ्या. मेडिकलवाल्याला "मागचीच पट्टी द्या" म्हणू नका.

मेंदूला परत शिकवणं

तोल तीन ठिकाणांहून सांभाळला जातो: कान, डोळे आणि तळपाय. कान कमजोर झाला की बाकी दोघांवर भार येतो. म्हणून लाईट गेली, किंवा नांगरटीच्या ढेकळांतून चालायची वेळ आली की माणूस झोकांड्या खातो.

जुन्या पोस्टकार्डावर ठळक "क" लिहा आणि हातभर अंतरावर, नजरेच्या उंचीला धरा. अक्षरावरची नजर न हलवता डोकं डावी-उजवीकडं हलवा. अक्षर पुसट व्हायला लागलं की वेग थोडा कमी करा. एक मिनिट, दिवसातून तीन-चारदा. मग तेच वर-खाली. आधी बसून, आठवड्यानं उभं राहून. नंतर भिंतीच्या कडेनं चालताना डोकं दोन्हीकडं वळवत चाला. व्यायाम करताना थोडं गरगरणं अपेक्षित आहे. पाच-दहा मिनिटांत ते शमत असेल तर बरोबर चाललंय. दिवसभर राहिलं तर वेग निम्मा करा.

आता तो चौथा प्रकार. माझी कणांची चक्कर गेली, तरी पुढं कितीतरी दिवस मला आठवडी बाजारात पाऊल टाकवत नव्हतं. माणसं, रंगीत पालं, हलणाऱ्या गाड्या बघितल्या की जमीन डुलायची. मोबाईलवर बोट सरकवलं तरी तेच. तीन महिन्यांच्या वर बहुतेक दिवस असं राहिलं, तर तो नाव असलेला, बरा होणारा आजार आहे: मेंदूनं धोक्याची घंटा बंदच न करणं. त्याला कुणी "मनाचे खेळ" म्हटलं तर मनावर घेऊ नका, पण मानसोपचाराचा आणि त्या डॉक्टरांच्या गोळ्यांचा यात खरोखर उपयोग होतो, तो नाकारूही नका. मी बाजारात आधी फक्त टोकाच्या भाजीवालीपर्यंत जायचे आणि परत फिरायचे. पुढच्या आठवड्यात दोन पालं पुढं.

तोवर घरात आणि रानात

उन्हाळ्यात माळवदावर झोपू नका, रात्री उठताना झोक गेला तर कठडा नसतो. आडाच्या काठावर एकट्यानं वाकू नका, मोटर बघायला विहिरीत उतरू नका, शिडी, झाड, मोटारसायकल, ट्रॅक्टर आणि कडबा कटर सोडा. उशाला बॅटरी ठेवा. सकाळी डोळे उघडल्यावर एक मिनिट पडून, एक मिनिट बसून, मगच उठा. भाकरी ओट्यावर थापा, चुलीपुढून एकदम उठताना विस्तवावर पडलेली बाई मी पाहिली आहे. डोक्यावरून पाणी आणायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी द्या, आणि हे घरच्या पुरुषांनी वाचावं असं मला फार वाटतं.

परत झालं तर घाबरू नका, कण पुन्हा सुटू शकतात. मागच्या दिवाळीच्या आधी मी जळमटं काढायला मान वर केली आणि पंखा फिरला. मी खाली बसले, घड्याळाकडं बघितलं, जीभ जड नाही, दोन दिसत नाहीत, हे तपासलं. मग वही काढून लिहिलं: सकाळी सव्वादहा, मान वर, उजवी बाजू, अठरा सेकंद. आणि डॉक्टरांना फोन लावला.